नावं संपेपर्यंत

परीक्षकाला एक कागद देतात. कथा, दिग्दर्शन, अभिनय, छायाचित्रण, संकलन, ध्वनी असे रकाने, प्रत्येकापुढे गुण, खाली बेरीज आणि सहीची जागा. आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या मंडळींनी लघुपट महोत्सव भरवला, तेव्हा त्या कागदाच्या ३७ प्रती आणि एक पेनड्राइव्ह माझ्या हातात आला. प्रवेशिका ३७. बहुतेक सगळ्या मोबाइलवर काढलेल्या. काढणारी कॉलेजातली पोरं, दोन शिक्षिका, एक पोस्टमन, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारे दोघे भाऊ. मर्यादा दहा मिनिटांची होती, तरी एकाने बावीस मिनिटांची फिल्म पाठवून सोबत चिठ्ठी लिहिली होती : कमी करायला जीव होत नाही.

पहिल्या रात्री मी एक चूक केली. घरचं आवरून साडेदहाला बसले. अकरा फिल्म बघून संपवायच्या असं ठरवलं होतं. तिसऱ्या फिल्मपासून वेग दीडपट केला आणि शेवटची नावं सुरू झाली की पुढचीकडे वळायला लागले. व्याख्यानं, मुलाखती, पाककृती, सगळं हल्ली असंच बघितलं जातं. बोट आपोआप तिकडे जातं, त्यात काही वावगं केलं असं मनातही येत नाही. साडेबाराच्या आत अकरा कागद भरून, सह्या करून मी झोपले.

त्या अकरांत तीन मिनिटं चाळीस सेकंदांची एक फिल्म होती. एक आजी वाकळ शिवते आहे, एवढंच. मी तिला शंभरपैकी एकेचाळीस दिले आणि छायाचित्रणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मध्ये फोन पडला आहे.’

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे परीक्षक वाचनालयाच्या माडीवर जमलो. एक सर, आयुष्यभर शाळेत नाटकं बसवलेले. एक तरुण मुलगी, कोल्हापूरला संकलनाचं काम करणारी. लग्नाच्या फिल्मवर तिचं पोट चालतं आणि उरलेल्या वेळात ती मित्रमैत्रिणींच्या फिल्म फुकट जुळवून देते. आणि मी. चहा झाल्यावर ती मुलगी म्हणाली, “ताई, ती वाकळीची एकदा परत बघूया का? तिघं मिळून.” लॅपटॉप टेबलाच्या मधोमध ठेवला. वेग जसा होता तसा.

उंबऱ्याच्या आत, दारातून येणाऱ्या उजेडात आजी बसली आहे. मांडीवर जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरलेले. तिच्या हातात सुई आहे आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत दोरा. ती दोऱ्याचं टोक जिभेला लावते, दोन बोटांत त्याला पीळ देते, सुई उजेडाकडे धरते. दोरा नेढ्याच्या शेजारून जातो. ती पुन्हा टोक ओलं करते. पुन्हा शेजारून. तिसऱ्यांदा ती सुईच फिरवून घेते, जणू चूक सुईच्या तोंडाची आहे. चौथ्यांदा दोरा नेढ्यात जातोय असं वाटतं आणि टोक दुमडतं. तोवर आम्हा तिघांपैकी कुणीच हललेलं नव्हतं. सरांच्या हातातला कप तसाच होता. पाचव्यांदा आजी मान वर करते आणि सरळ फोनकडे, म्हणजे नातीकडे बघून म्हणते, “आगं बघत काय बसलीयास? ठिव त्यो फोन आन् ववून दे की.” चित्र गरकन फिरतं. आता फक्त छताचा पत्रा दिसतो, आणि पत्र्याच्या एका भोकातून आलेला उन्हाचा ठिपका. बांगड्यांचा आवाज. “हाताला लागंल, हळू.” “गेला गेला.” “आण हिकडं.” नऊ सेकंद नुसता पत्रा. मग फोन परत उचलला जातो, जागेवर येतो, आणि आजी टाके घालायला लागलेली असते. ती पुढे मिनिटभर टाके घालते आणि फिल्म संपते.

सर म्हणाले, “माणूस म्हणून मला हे फार आवडलं. पण हा अपघात आहे. अपघाताला गुण कसे द्यायचे?” त्यांचं म्हणणं टाकून देण्यासारखं नव्हतं. ज्या पोरांनी चार पहाटा उठून एक सूर्योदय टिपला, त्यांच्या शेजारी हातातून ठेवलेल्या फोनला बसवायचं, यात अन्याय होऊ शकतो.

संकलन करणारी मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, फोन ठेवला तो अपघात. तो तुकडा ठेवला, तो अपघात नाही. असा तुकडा हाताला लागला की पहिल्यांदा तोच कापायचा, हे आमचं रोजचं काम आहे. ओवलेल्या सुईवर सरळ जोडता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. हिने कापलं नाही.”

मला इराणी दिग्दर्शक किआरोस्तामींची पहिली फिल्म आठवली, १९७० सालची. साधारण दहा मिनिटांची. हातात रोटी घेऊन घरी निघालेला मुलगा आणि गल्लीत वाट अडवून बसलेला कुत्रा. मुलगा आणि कुत्रा एकाच चौकटीत, न कापता आले पाहिजेत असा त्यांचा हट्ट होता. छायालेखकाचं म्हणणं होतं, दोन तुकडे जोडा, कशाला खोळंबायचं. किआरोस्तामींनी ऐकलं नाही. कुत्रा आणि पोरगं दोघांची मर्जी जुळेपर्यंत थांबणं हा एक निर्णय आणि हातचं न कापणं हा दुसरा. पहिला करायला हाताशी माणसं आणि दिवस लागतात. दुसरा अकरावीतली मुलगी आजीच्या घरात बसून करू शकते. तिने तो केला होता, आणि मी तो दीडपट वेगाने बघितला होता. नऊ सेकंदांचे सहा केले होते. दोरा नेढ्याशेजारून जाताना जो श्वास अडकतो, तो त्या वेगात अडकतच नाही. सुई नुसती थरथरते.

पुस्तक वाचणारा आपल्या चालीने वाचतो, अडला तर थांबतो, कंटाळला तर चार पानं उलटतो. लेखकाला हे ठाऊक असतं. फिल्मचं तसं नाही. पत्रा किती वेळ दिसायचा हे करणाऱ्याने ठरवलेलं असतं, त्यातच त्याची अक्कल, त्याची माया, त्याची चूकही असते. तो वेळच आपण बदलला, तर मग आपण कशाला गुण देत असतो?

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एक अगदी छोटी फिल्म केली होती, तिची आठवण कमी जण काढतात. ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर कोंब मातीतून वर आला, वाढला, वेल झाला. ते बघूनच पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि पुढच्या चित्रपटाला भांडवल उभं राहिलं. आपल्याकडची ती बहुधा पहिली निवड समिती असावी असं मला वाटतं. समोर कलाकार नाही, संवाद नाही, एक वाटाणा. त्यांनी तो वेल होईपर्यंत बघितला.

त्या रात्री मी अकराही कागद फाडले. नवे मागून घेतले आणि पहिल्यापासून बसले. एका बैठकीत पाच, त्यापेक्षा जास्त नाही. नावं संपून पडदा काळा होईपर्यंत.

बसल्यावर जे दिसलं ते सगळं सुखाचं नव्हतं. सदतीसांतल्या निम्म्याहून जास्त फिल्मच्या शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक वाक्य येत होतं. झाडे लावा. मुलींना शिकवा. आईवडिलांना वृद्धाश्रमात पाठवू नका. ही वाक्यं खोटी नाहीत, मनापासूनच लिहिलेली असतात. पण पोरांना कुणी तरी असं शिकवून ठेवलंय की संदेश दिल्याशिवाय फिल्म पुरी होत नाही, आणि ते शिकवणाऱ्यांत शाळा, मंडळं आणि आमच्यासारखे परीक्षक सगळे आलो. ‘सामाजिक आशय’ हा रकाना काही ठिकाणी गुणपत्रिकेतच असतो. मी वाचनालयाच्या मंडळींना सांगितलं, तुमच्या कागदावर तो नाही हे बरं झालं, पुढेही घालू नका.

चार फिल्म शेतकऱ्याच्या आत्महत्येवर होत्या. त्या बघताना मला फार जड गेलं, आणि कारण विषय एवढंच नव्हतं. ही पोरं त्याच शिवारातली. कर्ज, करपलेली ज्वारी, बँकेतले हेलपाटे त्यांनी घरात बघितलेले. पण चारही फिल्ममध्ये तेच झाड, तोच दोर, तेच ढगांकडे बघणारे डोळे, तीच बासरी, आणि शेवटी वरवर जाणारा ड्रोन. दुःख त्यांच्या घरचं होतं आणि चित्र कुठून तरी उसनं आणलेलं. ड्रोन भाड्याने आणायला त्यांनी पैसे जमवले असणार. घरात असलेलं काही त्यांना चौकटीत घेण्याजोगं वाटलं नाही, याचं मला वाईट वाटत राहिलं. त्यातल्या एकीबद्दल शेवटी सांगते.

घरातलं चौकटीत घेतलं की काय होतं, याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे. ‘पिस्तुल्या’ ही त्यांची पंधरा-एक मिनिटांची फिल्म, शाळेची ओढ लागलेल्या एका पोराची. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उमेश कुलकर्णींनी एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत शिकताना ‘गिरणी’ केली. घर चालवायला आईने घरातच पिठाची गिरणी आणलेली, आणि तिच्या घरघरीत मुलाचं सगळं जग हळूहळू भरडलं जातं. ती फिल्म मी आमच्या सभागृहात मुलांना दाखवा असं दर वेळी सुचवते. वस्तू एक, घर एक, आवाज एक. ड्रोन कुठे उडवणार तिथे?

आवाजाचं मात्र थोडक्यात सांगून टाकते. तिसाहून अधिक फिल्ममध्ये वारा माइकवर आदळत होता आणि तो झाकायला वरून संगीत ओतलं होतं. वारा असू द्यावा. माणूस काय बोलतोय एवढं ऐकू आलं की पुरे.

नावांबद्दल बोलायला मला जास्त आवडेल. पहिल्या रात्री मी जी सोडून देत होते तीच. दुसऱ्या खेपेला ती वाचायला लागले आणि फिल्मइतकंच त्यांत सापडायला लागलं. ‘प्रकाशयोजना : मामाच्या ट्रॅक्टरचे दिवे.’ ‘विशेष आभार : आई (सगळ्यांचे डबे).’ ‘विहीर दिल्याबद्दल आबांचे आभार.’ एका फिल्ममध्ये म्हशीचं नाव कलाकारांच्या यादीत होतं, आणि ते योग्यच होतं, कारण तिचं काम चोख झालं होतं. फाळक्यांच्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडून घ्यावी लागत. अंधारात बसून ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. त्यांनी भांडवलासाठी अंगावरचे दागिने दिले आणि काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. आजही छोट्या फिल्ममागे असंच एखादं घर असतं, आणि त्या घराचा उल्लेख शेवटच्या वीस सेकंदांत बारीक अक्षरांत येतो. ती अक्षरं वाचायला परीक्षकाने बसावं, नाही तर कोण बसणार?

निकालावर आमची वादावादी झाली, पण ती चांगली झाली. पहिलं बक्षीस पोस्टमनच्या फिल्मला. वाटेवरच्या बंद घरांच्या दारांत साचलेली पत्रं त्याने महिनाभर टिपली होती, एक शब्द न बोलता. वाकळीला दुसरं. सरांनी शेवटपर्यंत छायाचित्रणाचे गुण वाढवले नाहीत, संकलनाचे मात्र दहापैकी दहा दिले. मला ते पटलं.

रविवारी सभागृहात निवडक बारा फिल्म दाखवल्या. खिडक्यांना काळं कापड लावलेलं, सतरंज्यांवर पोरं, मागे खुर्च्या. वाकळ लागली. दोरा दुसऱ्यांदा नेढ्याशेजारून गेला तेव्हा मागच्या ओळीतून एक बाई मोठ्याने म्हणाल्या, “काळं फडकं धर की मागं सुईच्या!” तिसऱ्यांदा चुकला तेव्हा आणखी दोघीतिघींनी सूचना दिल्या. पत्रा आला आणि सगळे एकदम गप्प झाले. “गेला गेला” म्हटल्यावर पाठीमागून कुणी तरी सुस्कारा सोडला, तो मला पहिल्या ओळीत ऐकू आला. आजी स्वतः आली होती. तिला दिसत किती होतं कोण जाणे, पण आपला आवाज आल्यावर तिने नातीच्या मांडीवर चापट मारली.

सगळं आटोपल्यावर मी एसटी स्टँडकडे निघाले. एक मुलगा बराच वेळ मागे मागे येत होता, तो फाटकाशी पुढे झाला. अठरा-एकोणीस वर्षांचा, शर्टाची बाही दुमडलेली.

“मॅडम, माझी ती लिंबाच्या झाडाची होती. शेतकऱ्याची.”

चारांतली एक. तिला बक्षीस नव्हतं, बारांतही ती नव्हती.

“बक्षिसाचं नाय विचारत,” तो म्हणाला. “पूर्ण बघितली का, एवढंच विचारायचं होतं.”

“नावं संपल्यावर झाडाखाली बसून पाणी पितात, ते तुझे वडील ना?” मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

त्या फिल्मचं शेवटचं वाक्य येऊन जातं, बासरी थांबते, नावं वर सरकून जातात, पडदा काळा होतो, आणि मग काही न सांगता एक वीस सेकंदांचा तुकडा येतो. सहा मिनिटं ज्यांनी मेलेल्या शेतकऱ्याचं काम केलं, ते गृहस्थ झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेत. तांब्या वर धरून, ओठ न लावता ते पाणी पितात. पाणी गळ्यावरून सदऱ्यात उतरतं. ते टोपीने तोंड पुसतात आणि विचारतात, “झालं का रं तुझं?” मग उठतात, फांदीवरचा दोर सोडतात, हातावर गुंडाळतात आणि म्हणतात, “दावं नेतो. म्हस बांधायचीय.” आणि चौकटीतून निघून जातात.

“त्यांना वाटलं फोन बंद झालाय,” मुलगा म्हणाला. “मित्र म्हणत होते काढ ते, सगळी फिल्म वाया जाती, लोकं हसत्यात. मला काढवंना.”

मी त्याला सांगितलं की आम्ही तिघांनीही तो तुकडा परत परत बघितला. आणि हेही सांगितलं की आधीची सहा मिनिटं मी अशीच पुष्कळ ठिकाणी बघितली होती, ती वीस सेकंदं मात्र कुठेही बघितली नव्हती, म्हणून बक्षीस देता आलं नाही आणि म्हणून ती विसरताही येत नाहीत. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. वाईट वाटलं असेल. पण मान खाली घातली नाही.

मग तो म्हणाला, “आई लई चिडली होती. शूटिंग झाल्यावर दोन दिवस म्हशीकडं आली नाय. त्या दाव्याला हात लावंना. धार अण्णांनीच काढली दोन्ही वेळंला.”

“हे आहे का तुझ्याकडे? काढलंस का काही?”

“हे कुठं फिल्ममध्ये घालायचं असतं का, मॅडम?”

“असतं,” मी म्हटलं. पण तोवर त्याच्या गावची शेवटची गाडी सुटत होती. कंडक्टरने दोनदा घंटी ओढली, आणि तो पळाला.